वाचकांचे प्रश्न : वेगवान बोटीत बॅटरी कुठे ठेवावी आणि कशी बसवावी?

प्रश्न : माझ्याकडे सुमारे १५ फूट लांबीची, फायबरग्लासची, दोन आसनांची वेगवान बोट असून तिला ७० अश्वशक्तीचे आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले) इंजिन आहे. बॅटरी अगदी मागे, ट्रान्समलगत (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीलगत), पेट्रोलच्या टाकीशेजारी ठेवलेली आहे. निघताना बोटीचा मागचा भाग खोल बसतो, बोट उचलून पाण्यावर धावू लागायला वेळ लागतो आणि पूर्ण वेगाच्या जवळ गेल्यावर तिचे तोंड एका लयीत वर-खाली उसळू लागते. बॅटरी सर्वांत पुढे, डेकखाली नेली तर हे थांबेल का? तळावर चार स्क्रूंनी प्लास्टिकची पेटी बसवून तिच्यावर पट्टा आवळला आणि सध्याच्या केबलला तुकडे जोडून ती लांब केली, तर तेवढे पुरेसे होईल का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘काही प्रमाणात, बहुधा होय’ असे आहे आणि दुसऱ्याचे स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. बॅटरीची जागा बदलणे हा या कामाचा सोपा भाग आहे. नव्या जागी ती घट्ट धरून ठेवणे आणि तिथून स्टार्टरपर्यंत वीज फारशी न गमावता पोहोचवणे, यातच खरे काम आहे आणि खर्चाचा व वेळेचा मोठा वाटाही तिथेच द्यायला हवा.

आधी वजनाचा हिशेब पाहू. बोट, इंजिन, इंधन, चालक आणि बॅटरी मिळून एकूण वजन ५०० किलो आहे आणि त्यात बॅटरी २० किलोची आहे, असे धरू. ही बॅटरी १.५ मीटर पुढे सरकवली तर संपूर्ण बोटीचा गुरुत्वमध्य किती सरकेल, हे काढायला २० ला १.५ ने गुणून ५०० ने भागायचे. उत्तर ०.०६ मीटर, म्हणजे ६ सेंटिमीटर येते. तीच बॅटरी २.५ मीटर पुढे नेली तर गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर पुढे जातो. हे आकडे किरकोळ वाटतील, पण पूर्ण वेगात अशा बोटीचा तळ पाण्याला केवळ मागच्या थोड्या भागात टेकलेला असतो आणि त्या आखूड आधारावर ६ सेंटिमीटरचा फरकही चालकाला हाताखाली जाणवतो. मात्र वजन पुढे नेण्यालाही मर्यादा आहे. तोंड जड झाले की तळाचा अधिक भाग ओला राहतो, सर्वोच्च वेग घटतो आणि लाटेच्या उतारावर बोटीचे नाक पाण्यात रुतून ती अचानक एका बाजूला ओढली जाण्याचा धोका निर्माण होतो. वेगवान बोटीत हा शेवटचा दोष उसळण्यापेक्षा कितीतरी अधिक घातक आहे.

म्हणून माझी आग्रहाची विनंती अशी की, एकही भोक पाडण्यापूर्वी वाळूच्या पिशवीने चाचणी घ्यावी. बॅटरी सध्याच्या जागी जोडलेलीच राहू द्यावी. बॅटरीएवढ्या वजनाची वाळूची पिशवी नियोजित जागी दोरीने पक्की बांधावी आणि शांत पाण्यात, हळूहळू वेग वाढवत बोट चालवून पाहावी. या चाचणीत मागचे वजन कमी झालेले नसते, त्यामुळे निकाल तंतोतंत येत नाही, तरी बदलाची दिशा चांगली कळते. त्याआधी इंजिनाचा ट्रिमही, म्हणजे ट्रान्समशी असलेला त्याचा कलही, तपासून घ्यावा, कारण ट्रिम गरजेपेक्षा बाहेर ठेवला असेल तर संतुलित बोटही उसळते. ट्रिम थोडा आत घेतल्यावर उसळणे पूर्ण थांबत असेल, तर बॅटरी हलवून फार काही साधणार नाही. तळाच्या मागच्या भागात बाक आलेला असेल, तर बॅटरी हलवून तो दोष जाणार नाही. त्यासाठी लांब सरळ पट्टी तळाला लावून पाहावी.

जागेच्या बाबतीत माझा कौल डेकखालच्या टोकाला नाही, तर चालकाच्या आसनाखाली किंवा आसनाच्या थोडे पुढे, मध्यरेषेवर आहे. लाटांवर आदळताना बोटीच्या पुढच्या टोकाला बसणारे हादरे मागच्या भागापेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे बॅटरी जितकी पुढे जाईल तितके तिच्या प्लेटा आणि तिची बैठक यांना अधिक सोसावे लागते. शिवाय केबलची लांबी वाढते, आणि जाड तांब्याच्या केबलचे स्वतःचे वजन पुढे-मागे पसरून मिळवलेल्या फायद्यातला काही भाग खाऊन टाकते. मध्यरेषा सोडणे भागच पडले, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. मागून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा प्रोपेलर बोटीला डावीकडे कलवू पाहतो आणि उजवीकडे बसलेला चालक तो कल काही अंशी सावरत असतो. त्यामुळे बॅटरी डावीकडे ठेवण्यापूर्वी वाळूच्या पिशवीची चाचणी एकट्याने आणि सोबत्यासह, अशी दोन्ही प्रकारे घ्यावी.

आता बैठकीविषयी, आणि इथे मी थोडे सविस्तर लिहितो. तळाच्या पातळ फायबरग्लासमध्ये घुसवलेले चार स्क्रू बंदरात उभ्या बोटीतली बॅटरी धरून ठेवतील. वेगात असलेली बोट लाटेवर आदळते तेव्हा मात्र हिशेब बदलतो. धक्का गुरुत्वाच्या पाचपट धरला, तर २० किलोची बॅटरी त्या क्षणी १०० किलोच्या ओझ्यासारखी वागते, आणि हे ओझे खाली दाबले जाऊन लगेच वर उसळते. प्रत्येक वेळी स्क्रूचे आटे फायबरग्लासचा थोडा थोडा चुरा करतात. असा स्क्रू काढून पाहिला तर आट्यांत पांढरी भुकटी अडकलेली दिसते, ती याच झिजेची खूण होय. नायलॉनचा पट्टा ओला झाल्यावर ताणतो, उन्हाने कमजोर होतो आणि त्याची दाबून धरणारी बकल हादऱ्यांनी सैल पडते. पेटीच्या आत तर बॅटरीभोवती बोटभर जागा राहतेच, म्हणजे पेटी जागची हलली नाही तरी आतली बॅटरी आपटत राहते.

योग्य पद्धत अशी. बॅटरीचा भार तळाच्या पातळ कवचावर न देता तळाला लांबीने बळकटी देणाऱ्या स्ट्रिंगरवर द्यावा. दोन स्ट्रिंगरवर टेकेल अशी मरीन प्लायची फळी कापावी, तिच्या सर्व बाजू आणि विशेषतः कडा इपॉक्सीने पूर्ण बंद कराव्यात आणि ती फायबरग्लासच्या पट्ट्यांनी स्ट्रिंगरशी जोडून घ्यावी. फळी आणि तळाचे कवच यांच्यामध्ये थोडी फट राहू द्यावी, कारण वेगात कवच लवचिकपणे हलते आणि ते एखाद्या कठीण कडेवर वारंवार आदळले तर तिथेच तडा जातो. या फळीवर ट्रे ८ मिलिमीटरच्या, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या आरपार बोल्टने बसवावा. खाली मोठे वॉशर आणि नायलॉनच्या कड्याचे लॉक नट लावावेत. फळी जोडल्यावर खालून हात पोहोचत नाही, म्हणून बोल्ट आधीच फळीत बसवून घेणे सोयीचे पडते. बोटीच्या तळाला आरपार भोक कोणत्याही परिस्थितीत पाडू नये. कॉकपिटच्या फरशीत भोक पाडावे लागलेच, तर तिच्याखाली इंधनाची टाकी किंवा नळी नाही याची आधी खात्री करावी आणि ड्रिलच्या पात्याला खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळावी. फरशीचा गाभा लाकडाचा किंवा फोमचा असेल, तर भोक थोडे मोठे पाडून ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरावे आणि ते वाळल्यावर त्यातून बोल्टच्या मापाचे भोक पाडावे, म्हणजे गाभ्यात पाणी मुरणार नाही.

ट्रेला चारही बाजूंनी उभ्या कडा असाव्यात आणि बॅटरी त्यात खेळती न बसता नेमकी बसावी. उरलेली फट कठीण रबराच्या पातळ पट्टीने भरावी. जाड, मऊ स्पंज कटाक्षाने टाळावा, कारण तो दबतो आणि बॅटरीला हलायला जागा करून देतो. वरून धरण्यासाठी आडवी कांब आणि तिच्या दोन्ही टोकांना ट्रेच्या तळातून आलेल्या आट्यांच्या सळ्या, ही रचना मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. सळीचे खालचे टोक उघड्या आकड्याचे नसावे. हादऱ्यात आकडा निसटतो, म्हणून ते बोल्टने बंदिस्त केलेले असावे. कांब धातूची असेल तर तिच्यावर रबराचे किंवा प्लास्टिकचे आवरण हवे आणि दोन्ही टर्मिनलांवर टोप्या हव्यात.

बैठक तयार झाल्यावर ती डोळ्यांनी नव्हे, काट्याने तपासावी. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमांत पेट्रोलवर चालणाऱ्या, बोटीच्या आत इंजिन असलेल्या नौकांसाठी एक कसोटी दिलेली आहे : बॅटरीच्या वजनाच्या दुप्पट किंवा ९० पौंड, यांपैकी जो कमी असेल तेवढा जोर लावून बॅटरी वर, पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे प्रत्येकी एक मिनिट ओढली, तर ती कोणत्याही दिशेला एका इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. आउटबोर्ड बोटीला हा नियम लागू नसला तरी कसोटी म्हणून तो उत्तम आहे. आपल्या २० किलोच्या बॅटरीसाठी हा जोर ४० किलोचा होतो. बॅटरीभोवती मजबूत पट्टा घालून त्याला हुकाचा वजनकाटा अडकवावा आणि काटा ४० वर ठेवून मिनिटभर ओढावे. नियम एक इंच सूट देतो. वेगवान बोटीत मी मात्र बॅटरी नजरेला जाणवेल इतकीही हललेली चालवून घेणार नाही.

केबलविषयी आपला बेत बदलावा, असे मी ठामपणे सांगेन. जुन्या केबलला तुकडा जोडला की प्रत्येक वाटेवर एक अनावश्यक सांधा तयार होतो, आणि लांबी वाढूनही जाडी तीच राहते. बॅटरी आसनाखाली नेल्यावर वळणे धरून केबलची एका बाजूची लांबी २.५ मीटर झाली, तर जाण्या-येण्याची मिळून ती ५ मीटर होते. स्टार्टर १५० अँपिअर घेतो असे धरले, तर १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ३५ चौरस मिलिमीटरमध्ये हा आकडा सुमारे ०.४ वर आणि ५० मध्ये पाव व्होल्टच्या आसपास येतो. इंजिनाच्या पुस्तिकेत लांबीनुसार केबलची जाडी दिलेली असते. ती पाहावी आणि आपली लांबी दोन मापांच्या मधे पडत असेल, तर जाड माप घ्यावे. केबल बारीक तारांची आणि कथिलाचा मुलामा दिलेली असावी. केबलच्या टोकाचा लग, म्हणजे जोडणीचे धातूचे कडे, योग्य साच्याच्या दाबयंत्राने दाबून त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. हातोड्याने ठोकून बसवलेला लग सुरुवातीला काम देतो, पण आत हवा आणि ओलावा राहिल्याने तांबे हिरवे पडत जाते.

दोन्ही केबल एकमेकींलगत न्याव्यात आणि साधारण दर ४५ सेंटिमीटरवर पकडीने बांधाव्यात. तळात साचणारे पाणी, स्टिअरिंगची हलती केबल आणि इंधनाची नळी यांपासून त्या दूर ठेवाव्यात. बोटीच्या आतल्या आडव्या भिंतीतून केबल जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी कडे बसवावे. मुख्य स्विच बसलेल्या जागेवरून हाताला येईल असा ठेवावा. बिल्ज पंपाची (तळात साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाची) तार मात्र या स्विचच्या आधीच, स्वतंत्र फ्यूजमधून घ्यावी, म्हणजे बोट बंद करून ठेवली तरी पंप चालू शकेल. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचे मानक स्टार्टरच्या मुख्य केबलला फ्यूजमधून सूट देते, आणि बॅटरीपासून निघणाऱ्या इतर तारांवर मात्र साधारण ७ इंचांच्या आत फ्यूज मागते. केबल स्टार्टरजवळच संपत असे तेव्हा ही सूट समजण्यासारखी होती. आता ती आसनाखालून बोटीच्या मागच्या टोकापर्यंत जाणार आहे. वाटेत कुठे घासून तिचे आवरण फाटले, तर शेकडो अँपिअर वाहू लागतील आणि ते थांबवणारे काहीच नसेल. म्हणून इंजिन-उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचा मोठा फ्यूज बॅटरीलगत बसवावा, असे माझे मत आहे.

पेट्रोलच्या टाकीशेजारून बॅटरी हलवण्याचा आपला विचार संतुलनाचा प्रश्न नसता तरीही योग्यच ठरला असता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते, तर बॅटरी चार्ज होताना सुटणारा हायड्रोजन हलका असल्याने वर जातो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर पोहोचले की तो पेट घेऊ शकतो. म्हणून नवी जागा टाकीच्या किंवा इंधनाच्या फिल्टरच्या थेट वर अथवा खाली नसावी, आणि आसनाखालचा कप्पा बंद असेल तर त्याच्या सर्वांत वरच्या भागात हवा बाहेर जाण्याची वाट ठेवावी. काम करताना ऋण टर्मिनल आधी सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे.

प्रश्न : बॅटरी हलवण्याचा हा सगळा खटाटोप टाळून, आहे त्याच जागी हलकी लिथियम बॅटरी बसवली तर चालेल का?

उत्तर : लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी त्याच क्षमतेच्या शिशाच्या बॅटरीच्या निम्म्या वजनाची किंवा त्याहूनही हलकी असते, त्यामुळे ट्रान्समवरचे दहा-बारा किलो सहज कमी होतात. तरीही सुरुवात इंजिनाच्या पुस्तिकेपासून करावी. सुरू करण्यासाठी लिथियम बॅटरी चालते असे तिथे लिहिलेले नसेल, तर ती बसवू नये. अशा बॅटरीच्या आत तिचे रक्षण करणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते आणि ते गरज वाटल्यास बॅटरी एका क्षणात तोडून टाकते. इंजिन चालू असताना असे झाले, तर अल्टरनेटरने तयार केलेल्या विजेला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळते आणि रेक्टिफायर (अल्टरनेटरची वीज बॅटरीजोगी करणारा भाग) किंवा इंजिनाचा संगणक निकामी होऊ शकतो. तसेच बॅटरीचे तापमान शून्य अंशाखाली असताना ती चार्ज करता येत नाही. एजीएम बॅटरीत (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेल्या शिशाच्या बॅटरीत) वजनाचा फायदा जवळजवळ नाही. पण तिच्यातून आम्ल सांडत नाही आणि दाबून बसवलेल्या प्लेटांमुळे ती हादरे चांगले सोसते. इंधन-इंजेक्शनचे इंजिन आणि लाटांचे पाणी असेल, तर मी एजीएम निवडून ती पुढे सरकवणे पसंत करेन. बॅटरी हलकी असली तरी बैठकीची कसोटी तीच राहते.

प्रश्न : मी गेल्या हंगामात बॅटरी पुढे नेली. केबल नवी आणि जाड आहे, बॅटरीही नवी असून मीटरवर १२.७ व्होल्ट दिसतात. तरीही कधी इंजिन पटकन सुरू होते, तर कधी स्टार्टर नुसता ‘टक्’ असा आवाज करून थांबतो. बॅटरी बदलावी का?

उत्तर : बॅटरी बदलण्याची घाई करू नये. १२.७ व्होल्ट हे पूर्ण चार्ज झालेल्या, विश्रांत बॅटरीचे लक्षण आहे. आपला दोष बहुधा एखाद्या सांध्यात आहे आणि तो प्रवाह वाहत असतानाच सापडतो.

स्टार्टर फिरला तरी इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था पुस्तिकेप्रमाणे करावी. मीटरची एक सळई बॅटरीच्या धन खांबावर टेकवावी. ती लगवर टेकवू नये, नाहीतर पहिलाच सांधा मोजणीतून सुटतो. दुसरी सळई स्टार्टरच्या धन खुंटीवर ठेवून सहकाऱ्याला काही सेकंद स्टार्टर फिरवायला सांगावे. असेच ऋण बाजूला, बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिनाचा स्वच्छ, रंग नसलेला धातू यांच्यामध्ये मोजावे. कोणत्याही बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर त्या बाजूचा एकेक टप्पा वेगळा मोजत जावा : खांब ते लग, लग ते केबल, स्विचचे एक टोक ते दुसरे. चांगल्या सांध्यावर मीटर शून्याच्या जवळ राहतो. एकाच सांध्यावर अर्धा व्होल्ट खर्च होत असेल, तर १५० अँपिअरला तिथे ७५ वॉट उष्णता तयार होत असते. स्टार्टर दोन-तीनदा फिरवल्यावर असा लग बोटाला गरम लागतो, मात्र हात लावण्यापूर्वी किल्ली बंद करावी. एका दमात स्टार्टर दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये.

कधी चालणे आणि कधी न चालणे हे सैल नटाचे लक्षण असू शकते. बॅटरीबरोबर आलेले पंखांचे नट हाताने घट्ट केल्यासारखे वाटतात, पण हादऱ्यांनी ते सुटू लागतात, म्हणून स्टार्टरच्या केबलवर ते ठेवू नयेत. त्यांच्या जागी षटकोनी नट आणि लॉक वॉशर लावून ते पान्याने आवळावेत. लगांचा क्रमही पाहावा. स्टार्टरचा जाड लग सर्वांत खाली, थेट खांबाच्या पृष्ठभागावर हवा आणि बारीक तारांचे लग त्याच्यावर. वॉशर लगच्या खाली गेला असेल, तर सगळा प्रवाह त्या पोलादी चकतीतून जातो. एका खुंटीवर चारपेक्षा जास्त लग होत असतील, तर बारीक तारांसाठी वेगळी बस-पट्टी (अनेक तारा एकत्र जोडायची धातूची पट्टी) बसवावी.

हा दोष सापडेपर्यंत बोट वेगात चालवू नये. आपले इंजिन इंजेक्शनचे असेल, तर आज स्टार्टरला अडवणारा सांधाच उद्या भर वेगात क्षणभर सुटून इंजिन बंद पाडू शकतो. वेगात इंजिन अचानक थांबले की बोटीची मागून उठणारी स्वतःचीच लाट ट्रान्समवरून आत येते, आणि बिल्ज पंप त्याच बॅटरीवर चालत असतो.